भिजवलेला पंचा

साल १९५३. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कल्याणला खाडीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला होतो. तिथे मशीनवर एक माणूस होता. पाळीवर आला की तो आधी पंचा भिजवून दाराच्या खिळ्याला टांगायचा. वाळला की पुन्हा भिजवायचा. त्या पंच्याला कुणी घाम पुसला तर त्याच्या शिव्या खायचा.

"काय नवरदेव, उपरणं भिजलं का?" मी रोज चिडवायचो.

"वास आला म्हणजे विचार," एवढंच तो म्हणायचा.

एका दुपारी बर्फ गोठवायच्या अमोनिया वायूचा नळ फुटला. सगळे बाहेर पळाले, पण माझा चुलतभाऊ शंकर आत टाकीपाशी पडला. मी परत आत धावलो, तर श्वासच घेता येईना; दारापर्यंत मागं आलो. तेवढ्यात तो मशीनवाला तोंडाला ओला पंचा बांधून आत शिरला.

"आधी शंकरला काढ," मी दारातून ओरडलो.

"आधी चावी. मागं चाळ आहे," म्हणाला, आणि शंकरला ओलांडून मशीनकडे गेला. नळाची चावी बंद करून त्याला खांद्यावर घेऊन आला, तोवर शंकर गेलेला.

चाळीतलं कुणी दगावलं नाही. लोक त्याच्या पाया पडले. मी पडलो नाही, आजही पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेलो. त्याचा पंचा खिळ्याला ओला होता. घरून शंकरचा पंचा नेला होता, तो भिजवला आणि शेजारच्या खिळ्याला टांगला.