केर तसाच ठेवला

पडवीत बसून मी नि बायकोनं सुपारी सोलली, ते आमचं शेवटचं एकत्र काम. अजून त्या सालांचा वास आला की तो दिवस डोक्यात येतो. सालं, वाडीतला पालापाचोळा, सगळं घरभर पसरलेलं, पण ती केरसुणीला हात लावेना. पोरगा पाठीवर पिशवी टाकून परदेशात फिरत होता, मिळेल ती स्वस्तातली गाडी धरून या देशातून त्या देशात. माणूस वाटेत असला की मागं घर झाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्याचा ‘पोचलो’ असा निरोप मोबाइलवर आला की मगच ती केर काढायची. मी वैतागलो. “तो एका गावात टेकला की दुसऱ्या गावाची गाडी धरतो. आपण काय उकिरड्यात ऱ्हायचं?” ती हसली. “नाकाला झोंबतंय तर वाडीत जाऊन बसा. पोर गाडीत हाय अजून.” तिन्हीसांजेला तिच्या छातीत कळ आली आणि रिक्षा येईस्तोवर सगळं आटोपलं. पोराला फोन लावत राहिलो, लागला नाही. रात्रीच तिला न्यायला उचललं तशा शेजारणी घर झाडायला उठल्या, मयत निघालं की झाडायचं, तीही रीतच, पण मी ओरडलो, “पोराचा निरोप आला न्हाय. केरसुणी खाली ठेवा.” सकाळी तिच्या मोबाइलवर निरोप आला, ‘आई, कालच दुपारी पोचलो. कळवायचं राहून गेलं.’ मी केरसुणी घेतली, पडवीपासून मागच्या दारापर्यंत सगळं घर झाडलं, सालं उकिरड्यावर टाकली, हात धुतले, आणि मग त्याला फोन लावला.