उंबरठ्यावरचा फेटा

पांढुर्ण्याच्या माझ्या दुकानात फोन आला, तेव्हा मी गिऱ्हाइकांना दौलतकाकाचीच नक्कल करून दाखवत होतो. डोक्याला टॉवेल, आवाज थेट पोटातून. फोनवर काकाचा मुलगा म्हणाला, “दादा, बाबा गेले.” टॉवेल तसाच डोक्यावर राहिला...

काका सौंसरकडच्या आमच्या गावचा पाटील. पाटीलकी कागदावरून कधीचीच गेली होती, पण सरपंच कोण, हे मारुतीच्या पारावर काकाच ठरवायचा. त्यानं एकाच्या हातात नारळ दिला, की बाकीचे मुकाट्यानं आपापले पर्चे, म्हणजे उमेदवारीचे अर्ज, मागे घ्यायचे. गावात मतदान होतच नसे, आणि आम्हाला त्याचा कोण अभिमान! एकदा जागा बायकांसाठी राखीव निघाली. काकानं नारळ दिला, तो त्यानं ठरवलेल्या बाईच्या नवऱ्याच्या हातात. बायका पारावर चढत नाहीत ना! पण आमच्या गल्लीतल्या सुशीलावहिनींनी स्वतःच पर्चा भरला होता, आणि त्या काही केल्या मागे हटेनात. तेव्हा काकानं भर गल्लीत डोक्यावरचा फेटा उतरवला आणि त्यांच्या उंबरठ्यावर ठेवला. “आता हा ओलांड, अन् जा मतं मागाले!” सासऱ्यासारख्या माणसाचा फेटा कोणती सून ओलांडेल? संध्याकाळच्या आत पर्चा मागे.

हा प्रसंग मी कित्येक लग्नांच्या पंगतीत रंगवला. काकाची गर्जना, वहिनींच्या नवऱ्याची त-त-प-प, शेजारच्या म्हातारीचं ‘अगं माय!’ सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो काका.

शेवटच्या भेटीत तो खाटेवर होता. म्हणाला, “ते फेट्याचं सांग बरं.” मी हौसेनं उभा राहिलो, सगळे आवाज काढले. काका हसला नाही.

“अन् सुशीला काय म्हणे?”

“ती... तिचं बोलणंच नाही ना काका गोष्टीत.”

“कोणी विचारलंच नाही तिले. मीही नाही. लाज वाटून राहिली रे मले. बोलाव तिले.”

‘उद्या बोलावतो’ म्हणालो आणि पांढुर्ण्याला निघून आलो. मग संत्र्याचा हंगाम, दुकानातली गर्दी... आणि तो फोन.

तेरवीला वहिनी आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “वहिनी, तेव्हा काय म्हणायचं होतं तुम्हाले? काकाले ऐकायचं होतं.”

त्यांनी पदर सावरला. “मामाजीले सांगितलं असतं, भाऊजी. तुमच्या गोष्टीत घालाले नाही.”

तिकडे पंगतीत लोक काकाच्या मुलाला भरीला घालत होते, “फेटा बांधून घे बाप्पा, निवडणूक तोंडावर आहे.” तो जागचा उठला नाही. फेटा अजून काकाच्या खोलीत, दाराच्या वरच्या खुंटीवरच आहे. खुंटी माझ्या डोक्याच्या चांगली हातभर वर. तरी त्या दारातून जाताना मी वाकतो.