जाऊबाईंचा गिळलेला राग

परभणी जिल्ह्यात उन्हाच्या खालोखाल कशाचा चटका बसत असेल, तर तो आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या रागाचा. सोनपेठला त्या मराठी शिकवायच्या आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना चोरीइतकीच गंभीर वाटायची. एकदा गिरणीवाल्याला त्यांनी पाटीवरची वेलांटी पुसून नव्यानं काढायला लावली. तोवर गिरणी बंद, आणि डबे घेऊन आलेल्या बायका रांगेत मुकाट उभ्या!

अशा बाईला परभणीच्या रेडिओवर शाळेचे पाठ द्यायला बोलावलं. सोबतीला मी होते. काचेपलीकडच्या साहेबांनी हात जोडून सांगितलं, "बाई, आवाजात राग नको. गोड वाटलं पाहिजे." समोर फळा नाही, पोरं नाहीत, नुसता माईक. जाऊबाई फणकारल्या, "कुणाला समजलं, कोण जांभया द्यायलंय, काय कळावं मला? भिंतीला शिकवू का?" तरी पदराचं टोक मुठीत आवळून त्यांनी साखरेत घोळल्यासारखा पाठ दिला. परतताना पाथरी येईपर्यंत मात्र एसटीत मला ऐकवत होत्या, "शिकवणाऱ्याचा राग काढून घेतला तर उरतं काय गं? बातम्या!"

असे वर्षभर पाठ झाले. मग चारठाण्याजवळच्या एका खेड्यातून एका मुलीचं कार्ड आलं. 'बाई, सातवीनंतर माझी शाळा सुटली. तुमचा पाठ मी सयपाक करता करता ऐकते. तुमी कधीच रागावत न्हाईत, लय बरं वाटतं.'

"सुटली म्हंजे? शाळा काय दावं तोडून पळाली? कुणी सोडवली ते लिव्हायचं की!" जाऊबाई अशा उसळल्या की पुढच्या रविवारी तीन गाड्या बदलून आम्ही त्या मुलीच्या दारात.

बाप अंगणात सुतळी वळत बसला होता. वर्षभर गिळलेला सगळा राग जाऊबाईंनी त्याच्यावर ओतला. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकलं आणि आत हाक मारली, "पोरी, ह्या काय त्या रेडिओतल्या बाई न्हाईत बरं का. त्या लय गोड बोलत्यात."

पिठाच्या हातांनी मुलगी दारात आली. "त्याच हायत, आबा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. बाप हळूच म्हणाला, "वाटंत वढा हाय, बाई. संगं जायला दुसरी पोरगी न्हाई. एकलीला कसं धाडू?"

"माझ्याकडं धाडा. माझ्या घरी राहील, शिकंल."

"इचार करतो," तो म्हणाला.

मुलगी आली नाही. पुन्हा कार्डही आलं नाही. असला संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. बापावर, ओढ्यावर, त्या 'इचार करतो'वर. जाऊबाई मात्र पाठ देत राहिल्या, तितकेच गोड. पुढं गुडघे दुखायला लागले तेव्हा मी म्हटलं, "सोडा की आता ते परभणीचे हेलपाटे."

खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "तिच्या सासरी रेडिओ असंल का गं?"