शाळेच्या खोलीतलं भात

ती घटना आठवली की मला आजही हसू येतं. पोलीस खात्यात हसू यावं असे गुन्हे फार येत नाहीत, म्हणून हा लिहून ठेवते. गाव मुरबाड तालुक्यातलं, म्हशाच्या पुढे डोंगराकडे. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. ती सगळी अजून तिथेच आहेत आणि समोरासमोरच्या घरांत राहतात.

म्हशाची जत्रा तोंडावर आली होती. ठाण्यातले निम्मे लोक बंदोबस्ताच्या आखणीत गुंतलेले. ठाण्याची प्रभारी मी होते. सकाळची हजेरी घेऊन खुर्चीत टेकले, तोच ठाणे अंमलदाराने एका वयस्कर गृहस्थांना आत पाठवलं. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि सभेत बोलून बोलून मोठा झालेला आवाज.

"मॅडम, भात चोरीला गेलंय. दहा-बारा पोती. खोलीसकट."

"खोलीसकट म्हणजे?"

"म्हंजे खोली जाग्यावरच हाय. पण ती बी घेतली."

नीट विचारल्यावर उलगडा झाला. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. हे गृहस्थ तिच्या शाळा व्यवस्थापन समितीचे बरीच वर्षं अध्यक्ष. ही समिती पालकांनी आपल्यातून निवडायची असते, पण इथे ती यांच्या ओटीवर ठरायची. यांची मुलं शाळा सोडून कधीच मोठी झाली, तरी अध्यक्ष हेच. शाळेला एक जादा खोली बांधून मिळाली तेव्हा किल्ली यांच्या कमरेच्या करगोट्याला अडकली, आणि भाताची झोडणी झाली की यांची पोती त्या खोलीत जाऊ लागली. पहिलीची मुलं व्हरांड्यात बसायची.

यंदा पालक सभेला मुलांच्या आया एकजुटीने आल्या. हात वर करून त्यांनी एका तरुण आईला अध्यक्ष केलं. पहिल्याच बैठकीत खोली रिकामी करायचा ठराव झाला. यांनी किल्ली दिली नाही. आणि आता पोती गायब होती आणि त्या खोलीत पहिलीचा वर्ग भरत होता.

"संशय कुणावर?"

"संशय कसला मॅडम, नवीन अध्यक्षीणबाईचं नाव लिहा. चोरीची बाई शाळेच्या कमिटीत चालंल का?"

रोख कुठे होता ते समजलं. तिच्या नावावर चोरीचा गुन्हा लागला की गावात सभा बसणार, तिचं अध्यक्षपद जाणार, खोलीला पुन्हा कुलूप लागणार आणि पोरं पुन्हा बाहेर. पण तक्रार ती तक्रार. पोती खरोखर गेली होती. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि सांगितलं की गुन्हा लिहिण्याआधी जागा मी स्वतः पाहणार.

निघायच्या बेतात होतो आणि फोन वाजला. बाईचा आवाज, जरा दबलेला.

"भाताच्या चोरीला निघालाव ना? मंग ज्याचं भात गेलं त्याच्या घरी चा पिऊन जा."

"कोण बोलतंय?"

मागे दोघी-तिघी हसल्या आणि फोन कट झाला. आमचे बीट हवालदार म्हणाले, "मॅडम, नंबर काढू का कुणाचा हाय?"

"नको. चहा पिऊ."

आधी शाळेत गेलो. कुलूप शाबूत होतं, कोयंड्याला तसंच लटकत होतं. स्क्रू काढून अख्खा कडी-कोयंडा उतरवला होता आणि काम झाल्यावर पुन्हा नुसता दाराच्या फळीवर सरळ बसवून ठेवला होता, चौकटीला नाही. आत फरशी धुतलेली, भिंतीला खालून हातभर नवा चुना. मी अनेक घरफोड्या पाहिल्या. चोर जाताना झाडून जात नाही.

समितीतल्या आयांना बोलावलं. पद्धतीप्रमाणे एकेकीला वेगळं बसवून विचारायचं ठरवलं. पहिली आली ती अध्यक्षीणबाई. सडपातळ, शेतातून तशीच आलेली, पायांना माती.

"भात कुणी काढलं?"

"मी."

दुसरी आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "तिचं नाव लिहू नका मॅडम. भात मी काढलं."

तिसरी म्हणाली, "त्या दोघींना पोतं उचलतं तरी का? मी काढलं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. संशयित नाकारतात आणि आपण खोदत बसतो, ही आमची सवय. इथे गुन्हा कबूल करायला रांग लागली होती. मी अध्यक्षीणबाईला पुन्हा बोलावून विचारलं की एवढी घाई कशाची होती, अर्ज करायचा, वरिष्ठांकडे जायचं.

ती म्हणाली, "मॅडम, भात आलं का उंदीर येतो. उंदरामागं साप येतो. पोरं भायेर, भात आत, आन् साप मधी फिरतोय. तुमची पोर तिथं बसली असती तर तुमी अर्ज करीत बसलाव असता?"

माझी मुलगी तेव्हा शहापूरला शाळेत होती. मी पुढचा प्रश्न विचारला.

"भात कुठे आहे?"

"ज्याचं त्याच्याकडं."

एवढंच. यापुढे तिघींचीही तोंडं बंद. शेवटी चौथी आली. डोक्यावर पदर, नजर खाली.

"तुम्हीही पोती उचलली का?"

"नाय. मी वाट दाखवली." मग नजर वर करून म्हणाली, "मॅडम, चा प्यायला येताव ना?"

तोच फोनवरचा आवाज. नाव विचारलं. तक्रारदारांचीच सून निघाली. यांची नात पहिलीत होती. म्हणजे आजोबांचं भात खोलीत आणि त्यांचीच नात व्हरांड्यात.

आम्ही सगळे तक्रारदारांच्या घरी गेलो. सोबत पंच म्हणून पोलीस पाटील आणि एक शेजारी. घर नवं, स्लॅबचं. पुढच्या खोलीत सोफा, त्यावर अजून प्लॅस्टिक. ज्या घरात खरी चोरी झालेली असते तिथली बाई पोलिसांना बसा म्हणायच्या आधी रडते, नाहीतर शिव्या देते. या घरातल्या काकींनी मला साखर किती टाकू ते विचारलं.

"काकी, वर्षाचं भात गेलं. वाईट वाटत नाही?"

"कुठं गेलं?" काकी म्हणाल्या आणि आधण ठेवायला आत गेल्या.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "काकी, तुमच्या भात साठवायच्या कणग्या कुठे असतात?"

माजी अध्यक्षच मध्ये बोलले, "घर बांधलं तवाच त्या काढायला लावल्या. हॉलमधी कणगी कशी दिसंल? रिकाम्या असतील कुठंतरी मागं."

मागे पडवी होती. जुन्या घराची तेवढीच राहिलेली. तिथे तीन कणग्या उभ्या होत्या, बांबूच्या, शेणाने ताज्या सारवलेल्या, वर झाकणं. मी माजी अध्यक्षांना पुढे व्हायला सांगितलं. त्यांनी झाकण काढलं, हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. मूठ बाहेर काढून त्यांनी दाणे तळहातावर पसरले आणि निरखून पाहिले.

"झिणी जातीचं हाय," ते म्हणाले. "आपलंच."

पोलीस पाटलांनी तोंडाला रुमाल लावला.

झालं होतं असं. हे गृहस्थ सापगावला पाहुण्यांकडे हळदीला गेले त्या दिवशी बायांनी भर दुपारी खोली उघडली. पोती डोक्यावर घेऊन गावातून चालत गेल्या. सगळ्या गावाने पाहिलं, पोलीस पाटलांनीही. प्रत्येकाला वाटलं, माजी अध्यक्षांनीच सांगितलं असेल. काकींनी कणग्या सारवून तयार ठेवल्या होत्या.

"मंग मला सांगितलं का नाय?"

सून म्हणाली, "सांगितलं असतं तर परत शाळेत नेऊन टाकलं असतंव. आमाला वाटलं, दोन दिसांनी तुमालाच दिसंल. तुमी ह्या पडवीत कंदी येतच नाय, ते ध्यानात नाय रायलं."

आणि काकी म्हणाल्या, "घरात बायकू हाय, सून हाय. त्यांना इचारायचं सोडून पोलिसांकडं गेलाव. बरं झालं, मॅडमचं पाय तरी लागलं घराला."

आता कागद करायचा होता. मी त्यांना जबाब लिहून द्यायला सांगितलं की भात राहत्या घरात मिळून आलं, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. ते म्हणाले, "राहत्या घरात असं लिहू नका, लोकं वाचतील."

"मग कुठे सापडलं लिहू?"

"मागं सापडलं लिहा."

तसं लिहिलं. सही झाल्यावर त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि अध्यक्षीणबाईपुढे धरली. ती म्हणाली, "बाबा, कुलूपच घेऊन जावा. त्या दाराला आता कुलूप लागायचं नाय. आन् सभेला येत जा, नातीचं आजोबा म्हणून. बसायला जागा देऊ." ते हसले की खोकले, मला कळलं नाही. पण निघताना काकींनी माझ्या गाडीत नव्या तांदळाच्या भाकऱ्या ठेवल्या, त्या हवालदारांनी मुरबाड यायच्या आत संपवल्या.

नोकरीत मी मोठे तपास केले. बढतीच्या वेळी त्यांचाच उल्लेख झाला. पण सार्वजनिक जागा कशा हातातून जातात आणि कशा परत घ्यायच्या, हे मला या तपासाने शिकवलं. त्या बळकावायला गुंड लागत नाहीत. एका माणसाच्या करगोट्याला किल्ली अडकते आणि बाकीचे सभेला जात नाहीत, एवढ्याने भागतं. परत घ्यायला मात्र सभेला जावं लागतं आणि हात वर करावा लागतो.

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन शहापूरला घरी आले. मुलीच्या शाळेची पालक सभा लागली. समितीवर कोण येतं म्हणून मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा सगळे खाली बघत होते. मी हात वर केला. पहिल्या बैठकीत चहा आला, ओळखी झाल्या, आणि मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.

मी म्हटलं, "या शाळेतली कायम बंद असणारी खोली कोणती आणि तिची किल्ली कुणाकडे असते?"

टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या एका सदस्याने कप खाली ठेवला.