न शिकवलेल्या दोन ओळी

मला उंचीची भीती वाटत नाही. हे फुशारकीने सांगत नाही, माझं पोटच त्यावर चालतं. वीज वितरणाच्या कामावर मी अकरा वर्षं खांबांवर चढते आहे. कागदावर माझं पद वेगळं आहे, पण गावातले लोक मला 'लाईनमन बाई'च म्हणतात.

वर्धा जिल्ह्यात खांबापेक्षा उंच चढायला फारसं काही नाही. म्हणून एका वर्षी साठवलेली रजा घेतली आणि हिमाचलातल्या बर्फावरच्या गिर्यारोहणाच्या कोर्सला नाव घातलं. दहा दिवसांचा कोर्स. जाहिरातीत लिहिलं होतं की दहा दिवसांनी तुम्ही स्वतः बर्फात दोर अडकवू शकाल आणि बर्फातल्या भेगेत पडलेल्या सोबत्याला बाहेर काढू शकाल. मला शिखराची हौस नव्हती. मला हे शिकायचं होतं.

नवऱ्याचं बोरगाव मेघेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो म्हणाला, "सहा दिवस खांबावर राह्यते, आन् सुट्टीत पहाडावर जातो म्हनते. तुझं जमिनीशी काई वाकडं हाये का?" पण माझी बॅग त्यानेच भरली, आणि त्यात आपला जुना स्वेटरही कोंबला.

आमच्या तुकडीत नऊ जण होते. त्यातला एक आमच्याच जिल्ह्यातला निघाला, रोहणा गावचा. तिशीचा, बी-बियाणं आणि खताचं दुकान असलेला, बोलायला मोकळा. पहिल्या दिवशीच त्याने मला ताई केलं, मी त्याला भाऊ म्हणू लागले, आणि त्याने घरून आणलेला चिवडा पुढे केला. त्या परक्या थंडीत 'काऊन ताई, जेवल्या का नाई?' ऐकलं की बरं वाटायचं.

शिकवायला दोघे होते. मुख्य प्रशिक्षक कोण्या मोठ्या शहरातला, चाळिशीचा, सतत फोनवर चित्रीकरण करणारा. दुसरा तिथल्याच खोऱ्यातला एक वयस्कर माणूस. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे.

पहिले पाच दिवस उस्तादने शिकवलं, आणि ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. बुटांना काटे लावून चालायचं, पाय सपाट टाकायचा. मग घसरणं थांबवायचं. उतारावर मुद्दाम आडवं पडायचं, घसरत जायचं आणि घसरता घसरता पालथं होऊन हातातल्या बर्फाच्या कामाच्या कुऱ्हाडीचं टोक बर्फात रोवायचं. मी हाताच्या जोरावर थांबायला बघायची आणि फरफटत खाली जायची. उस्ताद वरून ओरडायचा, "हाथ नहीं मॅडम, वजन डालो, वजन!" बाराव्या-तेराव्या वेळी छातीचा सगळा भार कुऱ्हाडीवर टाकला आणि थांबले. तोंडात बर्फ, कोपर सोललेलं, आणि मी हसत होते. उस्ताद एवढंच म्हणाला, "अब दूसरी तरफ से."

मग दोन दिवस बर्फ पडला आणि आम्ही तंबूत बसून राहिलो. आभाळ उघडलं तेव्हा मुख्य प्रशिक्षकाने सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, शिकायचे दोन विषय बाकी आहेत, बर्फात दोर अडकवणं आणि भेगेतून सुटका. ते केले तर शिखर होणार नाही. शिखर केलं तर ते राहतील. कोणाला काय हवं, हात वर करा.

शिखरासाठी आठ हात वर झाले. रोहण्याच्या भावाने तर दोन्ही हात वर केले.

मी म्हटलं, "शिकायला आलो आहोत ना आपण?"

प्रशिक्षक हसून म्हणाला, "मॅडम, घर जाकर लोग क्या पूछेंगे? गाँठ पूछेंगे या शिखर पूछेंगे?"

सगळे हसले. उस्ताद हसला नाही. पण तो बोललाही नाही, आणि त्याचाही मला तेव्हा राग आला.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आणि एक मदतनीस पुढे गेले, त्यांनी शेवटच्या चढावर दोर लावून ठेवला. आम्ही कमरेच्या पट्ट्याचा एकेक खटका त्याला अडकवून वर चढायचं, बस्स. माझ्या कामात मी ज्याला पट्टा अडकवते ते आधी हाताने हलवून बघते. अकरा वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. त्या दिवशी चुकवलं. मागून चौघे 'चला, चला' करत होते, वरून प्रशिक्षक ऊन वाढतंय म्हणून ओरडत होता. मी न बघता खटका अडकवला आणि चढले. वर सगळ्यांसोबत फोटोत हसलेसुद्धा. उतरताना पाहिलं, दोर ज्या मेखेला बांधला होता ती उन्हाने सैल होऊन अर्धी बाहेर आली होती. उस्तादने ती लगेच काढून दुसरीकडे ठोकली. नऊ माणसं त्या मेखेवरून वर गेली होती. त्यातली एक मी.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. छापील यादीत दहा कौशल्यं, प्रत्येकासमोर बरोबरची खूण. नववं, बर्फात दोर अडकवणे. दहावं, भेगेतून सुटका. त्यांच्याही समोर खुणा, आणि खाली सही.

मी प्रशिक्षकाकडे गेले. म्हटलं, "या दोन खुणा खोडा. हे आम्हाला शिकवलेलं नाही."

तो म्हणाला, "काग़ज़ है मॅडम. दीवार पर लगाने के लिए."

इथे माझं डोकं फिरलं. का फिरलं ते सांगायला हवं.

आमच्यात लाईनवर चढण्याआधी परमिट घ्यावं लागतं. सबस्टेशनचा माणूस स्विच उघडतो, म्हणजे वीज तोडतो, मग रजिस्टरमध्ये लिहितो की लाईन बंद केली, आणि मग आम्ही तारा तपासून, अर्थिंग करून, म्हणजे जमिनीशी जोडून, चढतो. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका घाईच्या दुपारी तिथल्या माणसाने आधी लिहिलं आणि म्हटलं, स्विच उघडतोच आता. वर चढणाऱ्या माझ्या सोबत्याने लिहिलेल्यावर विश्वास ठेवला. तो वाचला. उजवा हात कोपरापासून गेला. आज तो ऑफिसात तक्रार खिडकीवर बसतो आणि डाव्या हाताने लिहितो. न केलेल्या कामासमोर खूण केली की काय होतं, हे मला माहीत आहे; त्याला कोणी नुसता कागद म्हणू नये.

हे सगळं मी त्या माणसाला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "आप बहुत इमोशनल हो रही हैं."

मी त्याच्यासमोर पेनाने त्या दोन ओळींवर रेघ मारली आणि बाजूला मराठीत लिहिलं, 'शिकवले नाही'. बाकी कोणी मारली नाही. बसमध्ये रोहण्याचा भाऊ समजूत घालत होता, "जाऊ द्या ना ताई. झालं का कोनाले काई? काईच झालं नाई."

काही झालं नाही! आमच्या कामावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे. वीस वर्षं हातमोजे घातले नाहीत, काही झालं नाही. 'काही झालं नाही' हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते मला अजून समजलेलं नाही.

घरी आल्यावर मी त्या संस्थेला पत्र पाठवलं. उत्तर आलं की सहभागींनी जोखमीच्या अर्जावर सही केली आहे. पुढच्या हंगामाच्या जाहिरातीत त्यांनी आमचा शिखरावरचा फोटो घातला. त्यात मधोमध मी, दात काढून हसते आहे. काढा म्हणून तीनदा लिहिलं. काढला नाही.

दिवाळीनंतर कळलं की रोहण्याचा भाऊ येत्या उन्हाळ्यात स्वतःच सहा जणांना घेऊन बर्फावर जाणार आहे. मार्गदर्शक दुसरा कोणी नाही, तो स्वतः. दुकानात प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं, त्याखाली नावनोंदणी चालू.

रविवारी मी गाडी काढली आणि रोहण्याला गेले. दुकानात गर्दी होती. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा घेतला नाही.

"भाऊ, सहातला एखादा भेगेत पडला तर कसा काढशील?"

"अवो ताई, भेगा असतील तिथं आमी जाऊनच नाई राह्यलो."

"बर्फाखालची भेग तुले वरून दिसते का?"

मी त्याच्या गोदामातली युरियाची दोन पोती एका दोराला बांधून पोटमाळ्याच्या कडेवरून खाली सोडायला लावली. म्हटलं, "हा पडलेला माणूस. वर तू एकटा. काढ त्याले."

त्याने जोर लावला. पोती वीतभर उचलली गेली आणि दोर त्याच्या तळहातातून सरकला. पुन्हा लावला, पुन्हा सरकला. खाली हमाल उभे होते, ते हसायला लागले. एक म्हणाला, "मालक, युरिया तर मेला!" त्याचा चेहरा लाल झाला. दोर टाकून तो म्हणाला, "तुमाले तरी येते का?"

"मलेही नाई येत," मी म्हटलं. "म्हणून मी कोनाले नेऊन नाई राह्यली."

पण तो आता ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्याच्या हमालांसमोर मी ते करायला नको होतं. बरोबर असल्याच्या जोरात मी त्याला खोटं पाडलं, आणि तो हट्टाला पेटला.

तो मेमध्ये गेला. परत आल्यावर मला फोटो पाठवला, सातही जण शिखरावर. खाली लिहिलं होतं, 'पाहा ताई, काई झालं नाई.'

आठवड्याभराने त्या सहांपैकी एक नर्स माझ्या घरी आली. माझा पत्ता त्याच्याच दुकानात मिळवून आली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, मी मांडीपर्यंत बर्फात आत गेलती. खाली पायाले काईच लागून नाई राह्यलं. तो नुसता माझं नाव घेऊन ओरडे. सामान उचलणाऱ्या दोघांनी मले ओढून काढलं. मग सगळे म्हनले, घरी कोनाले सांगू नको."

हे त्याचं 'काही झालं नाही'.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण रागावून दोर ओढता येत नाही. मी दुसरा कोर्स शोधू लागले. चार ठिकाणी फोन केला आणि सगळ्यांना एकच विचारलं, हवामान बिघडलं तर काय कमी कराल? तिघांनी गोलगोल उत्तरं दिली. चौथ्या ठिकाणी एका बाईने फोन घेतला. ती म्हणाली, "शिखर." मी तिथे गेले.

तिथे भेगेतून सुटका तीन दिवस चालली. पडलेल्याचा झटका आधी अंगावर झेलायचा, तसंच आडवं पडून बर्फात जागा खणून कुऱ्हाड आडवी पुरायची, भार तिच्यावर द्यायचा, मग दोर दोनदा वळवून कप्पीतून घ्यायचा म्हणजे वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. लिहायला एक वाक्य लागतं. मला पहिल्या वेळी तासाभराहून जास्त वेळ लागला, आणि गाठ उलटी पडली ती वेगळीच. शेवटी माझ्या कागदावर त्या बाईने लिहिलं, 'येते, पण संथ. आणखी सराव हवा.' शिखर झालं नाही.

घरी आल्यावर मी दर रविवारी हिंगणीजवळच्या एका नाल्याच्या दरडीवर सरावाला जाऊ लागले. पडलेला माणूस म्हणजे नवरा. पट्टा बांधून तो खाली लटकायचा आणि वरून काय चाललंय याची चौकशी करायचा.

एका रविवारी नर्सने रोहण्याच्या भावाला तिथे आणलं. तिने आणि आणखी तिघांनी त्याला सांगितलं होतं, तुम्ही शिकल्याशिवाय आम्ही पुन्हा येत नाही. तो गाडीतून उतरला, नमस्कार केला नाही. दोर मात्र स्वतःचा नवा आणला होता.

मीही बसा म्हटलं नाही. सरळ दाखवायला लागले. पहिल्यांदा त्याचा दोर गुंतला. दुसऱ्यांदा कप्पी उलटी लागली. तिसऱ्यांदा नवरा हातभर वर आला आणि पुन्हा खाली गेला. दुपार चढली. खालून नवरा ओरडला, "अबे, काढता, का मी इथंच जेवू?" नर्स खो खो हसली. भावाने घाम पुसला, सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून बांधलं. नवव्या वेळी नवरा दरडीच्या काठावर आला, धूळभरल्या मिशांनी.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी हमालांसमोर तसं कराले नोको होतं, ताई."

"खरं हाये," मी म्हटलं. "नोको होतं. पन तिले मांडीपर्यंत जाऊ देऊन तू काई झालं नाई म्हनलं, ते?"

तो दोर गुंडाळत राहिला. मग त्याने नर्सला विचारलं, पाय आता कसा आहे. एक वर्ष झालं होतं त्या गोष्टीला. ती म्हणाली, बरा आहे.

त्या हंगामात तो बर्फावर गेला नाही. पुढच्या दोन रविवारी मात्र आला, सकाळी माझ्या आधी.