रेडिओला सांगितलेलं गोत्र

मराठी गाणी लावली की मी गुणगुणत बसते आणि कोडमध्ये चुका करते. म्हणून आयर्लंडमध्ये ॲथलोनला शिकत असतानाच मी इंटरनेटवर अमेरिकेतलं एक गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचं, रेडिओ स्टेशन लावायला लागले. देवाधर्माशी माझा संबंध मोदकांपुरता. पण त्यांची सकाळ म्हणजे आमची दुपार, आणि पोटातून गाणाऱ्या त्या बायकांपुढे जेवणानंतरची झोप टिकत नाही.

सासूबाई सांगलीकडच्या खेड्यातून तीन महिन्यांसाठी आल्या, तेव्हा पहिला आठवडा नाक मुरडण्यात गेला. "दिसभर येसू येसू काय लावलंया?" दुसऱ्या आठवड्यात कणीक मळता मळता त्यांची मान तालावर हलायला लागली. "गळा हाय हां बाईला," म्हणाल्या. पण आमचं दोघींचं बेताचंच होतं. भाजीतल्या मिठावरूनसुद्धा खटके उडायचे.

त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याला न्यूमोनिया झाला. साधा खोकला म्हणता म्हणता तो आमच्या गावच्या, पोर्टलीशच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर गेला. पुढचे काही दिवस कठीण आहेत, आत्ताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी त्याला बघून यायचं आणि दुपारी दोघींनी ओट्याशी नुसतं उभं राहायचं, असं चाललं होतं.

त्या स्टेशनची एक रीत आहे. गाण्यांच्या मध्ये लोक फोन करून आपलं गाऱ्हाणं सांगतात. निवेदक नाव घेऊन प्रार्थना करतो आणि ऐकणारे जिथे असतील तिथून त्यात सामील होतात. सासूबाईंनी हे सगळं मला कधीच विचारून ठेवलं होतं. त्या दुपारी म्हणाल्या, "लाव की फोन. आपल्या पोराचं सांग त्यास्नी."

"आई, आपण त्यांच्या धर्माचेसुद्धा नाही!" मी खेकसले.

"त्यांनी इचारला का धर्म?"

बुडत्याला काडीचा आधार. मी फोन लावला. "कोणासाठी मागायचं?" पलीकडून निवेदकाने विचारलं. मी नवऱ्याचं नाव सांगितलं, तर सासूबाई मागून कोपराने ढोसायला लागल्या. "गोत्र सांग. काश्यप. गाव सांग. नुसत्या नावाची लाख माणसं असत्यात." समोर जणू संकल्प सोडणारे भटजीच बसले होते. लाजेने माझी कानशिलं तापली, पण सांगितलं.

"हे काय असतं?" तो म्हणाला.

"घराण्याची जुनी ओळख. देवाला नेमका माणूस कळावा म्हणून."

मला वाटलं, आता हसेल. तो म्हणाला, "मग मला नीट म्हणायला शिकवा." तीनदा घोकलं त्याने. आणि मग नाव, गाव, गोत्रासकट त्याने माझ्या नवऱ्यासाठी आयुष्य मागितलं. स्टुडिओतले लोक मागून हुंकार देत होते. इतके दिवस कोरडी राहिलेली मी ओट्यावर डोकं टेकून रडले.

पाचव्या दिवशी नवऱ्याची व्हेंटिलेटरची नळी काढली. "ही इज ग्रँड नाऊ," नर्स म्हणाली, म्हणजे आता छान आहे तो, आणि आमचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांचे, औषधांचे, त्या नर्सचे उपकार मी जन्मभर मानीन. पण त्या निवेदकाचेही मानते, आणि त्यासाठी मला कोणाची परवानगी नको आहे.

नवरा साध्या वॉर्डात आला त्या दिवशी सासूबाईंनी फर्मावलं, "नुसतं मागून गप बसायचं नसतं. कळवाय पायजे." पुन्हा फोन लावला. निवेदकाला आम्ही आठवत होतो. स्टुडिओत टाळ्या झाल्या. मग तो म्हणाला, "आणि आज कोणासाठी मागू या?"

मी प्रश्न सासूबाईंना मराठीत सांगितला. मनात म्हटलं, आता नातवंड मागणार. त्या फोनकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या सुनेसाठी मागा. पंधरा दिस धड जेवली न्हाई पोर. मला एक शब्द उलटून बोलली न्हाई."

शेवटचं धादांत खोटं होतं. निवेदक थांबला होता आणि इंग्रजीत सांगणारी मी एकटीच. "त्या म्हणतायत..." एवढं बोलले आणि पुढे मला शब्दच फुटेना. तेव्हा सासूबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि माझं नाव एकेक अक्षर सुटं करून त्याला सांगितलं.