तापायच्या आधी पाणी

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, तुमच्या गावातली सगळ्यांत गार जागा कोणाची असते? देवाचा गाभारा म्हणाल, कचेरीतल्या साहेबाची खोली म्हणाल. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत जतच्या रानात ती जागा फुलांची होती. ती गार ठेवणारा माणूस तिथून दहा पावलांवर, पत्र्याच्या खोलीत राहत होता.

मी तेव्हा कुपवाडच्या एका वर्कशॉपात कामाला होतो. आम्ही मोठे पंखे बनवायचो. ते बसवायला पहिल्यांदा त्या रानात गेलो, तेव्हा हा माणूस प्लास्टिकच्या घराच्या दारात उजवा हात पुढे करून उभा होता. हाताची मागची बाजू ओली केलेली, डोळे मिटलेले, तोंडाने पुटपुट चाललेली: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मला वाटलं, मंत्र म्हणतोय. आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे माळ्यापर्यंत रचलेले असायचे, त्यातले निम्मे अंधश्रद्धेवर. माझी जीभ लगेच वळवळली.

"मामा, कसला जप?"

"जप न्हवं गड्या. मोजतुया. हात धा मोजायच्या आत वाळला की पानी सोडायचं. न्हाई वाळला, तर पानी सोडून उपेग न्हाई. हवाच पानी प्यायला तयार नसती."

बेरीज-वजाबाकी तो मराठीत करायचा, हात मात्र कानडीत मोजायचा. आत तापमापक टांगलेला होता. त्याच्याकडे त्याने कधी पाहिलं नाही.

ते घर तुम्ही पाहिलं नसेल, तर सांगतो. बांबूइतक्या जाड नळ्यांवर ताणलेला पांढरा प्लास्टिकचा कागद, आत जर्बेराच्या ओळी. एका भिंतीला कूलरचं गवत भरलेल्या उंच जाळ्या, त्यांच्यावर भोकं पाडलेला पाइप. पाइपातून पाणी गवतावर झिरपत राहायचं. समोरच्या भिंतीतले आमचे पंखे आतली हवा बाहेर ओढायचे, की बाहेरचा कोरडा वारा त्या ओल्या गवतातून आत शिरायचा आणि शिरता शिरता गार व्हायचा. बाहेर डोकं भणभणत असताना आत अंगावर शिरशिरी यायची.

"ह्यास्नी सासुरवास सोसत न्हाई," तो फुलांकडे पाहून म्हणायचा. "जरा ऊन लागलं की माना टाकत्यात. लय नाजूक."

आणि त्याचं कायमचं वाक्य होतं: "तापायच्या आधी. तापल्यावर न्हाई." घर एकदा तापलं आणि मग पाणी सोडलं, तर आत नुसती वाफ कोंडते, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो अकरा वाजायच्या आत सगळ्या जाळ्या चिंब करायचा.

माझ्या झोळीत किमान वेतनाची पत्रकं असायची. एक त्याला दिलं. वाचता येत नव्हतं, म्हणून मला वाचून दाखवायला लावलं. शेवटच्या घोषणेपर्यंत त्याने मान हलवत ऐकलं.

"बराबर हाय. पर ह्ये बी तापायच्या आधी वाटायला पायजे हुतं. आमी कवाच करपलोय."

मी हसलो. तोही हसला.

त्या उन्हाळ्यात त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे ती पत्र्याची खोली. नात झाली. रिवाजाप्रमाणे लेकीचे कान बांधलेले, दार लावलेलं, बाजल्याखाली शेगडी. सव्वा महिना बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. वर पत्रा, खाली निखारे.

मामाने दोन पोती धुऊन, घडी घालून ठेवली होती. ओली करून दाराला बांधायची, एवढंच त्याचं म्हणणं. जतच्या कोरड्या हवेत दोन पोत्यांनी खोली निवली असती, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? पण मामी ऐकेना.

"बाळंतिणीला ओल लागली तर जल्माचं दुखनं लागंल."

"ह्ये शिकल्यालं हायती, ह्यास्नी इचार," मामाने मला पुढे केलं.

मी सुरू झालो. हवा, बाष्प, विज्ञान, रूढी. पाठ होतं सगळं. मामी कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आवं पावनं, तुमी कवा बाळंत झालासा?"

सगळे हसले. मलाही तो टोला आवडला. मी हसून विषय सोडला. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

"असूं दे," मामा पोती परत फळीवर ठेवत म्हणाला. "सव्वा म्हैना झाल्यावर बांधतो."

नात झाल्याच्या बाराव्या दिवशी मी पंख्याचा पट्टा बदलायला गेलो होतो. साडेअकराला लाइट गेली. पंखे थांबले, मोटार थांबली. मामाने दारात जाऊन हात पुढे केला. ओंदु, एरडु, मूरु. तीनलाच हात वाळला.

"आज ऊन ह्यास्नी मारतंय," तो म्हणाला, आणि टाकीवरची बादली उचलली.

बाजूचे पडदे वर गुंडाळले. मग दोघंही बादल्यांनी पाणी मारत सुटलो. जाळ्यांवर, वाटांवर, कागदाला आतून. एक वाजला, दोन वाजले. माझे हात सोलले. मनात कुठेतरी अभिमानही होता, की मी कामकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे.

मामी दाराशी आली. फुलांना रोग नको म्हणून उंबऱ्यात पाय बुडवायचं औषधाचं पाणी असायचं आणि बाहेरच्याने आत यायचं नाही असा नियम होता. ती अलीकडेच थांबली.

"आवं, पोर दूध वडंना झालीया."

"आलो. एवढ्या वळीला पानी मारून आलो."

हे मी ऐकलं. माझ्या हातात भरलेली बादली होती. ती मी फुलांवर ओतली.

मामी दुसऱ्यांदा आली तेव्हा हाक मारली नाही. अनवाणी, ते औषधाचं पाणी ओलांडून सरळ आत आली आणि तिने मामाच्या हातातून बादली काढून घेतली.

दहा पावलं. आम्ही धावलो. मामाने शेगडी बाहेर फेकली, दार सताड उघडलं, पोती भिजवून बांधली. या वेळी पोत्याचं दुसरं टोक मामीनेच धरलं. लेक घामाने निथळत भिंतीला टेकली होती. नात तिच्या मांडीवर होती, गुंडाळलेली, गप्प.

मामाने बादलीत हात बुडवला आणि हाताची ओली मागची बाजू नातीच्या नाकाशी धरली. ओल्या कातडीला बारीकसा श्वासही कळतो. तो डोळे मिटून मोजू लागला. दहापर्यंत गेला. पुन्हा ओंदुपासून सुरू केलं. हात वाळला, पण तो खोलीतल्या उकाड्याने.

संध्याकाळी मालक सांगलीहून आले. आधी फुलांत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "शाबास! एक फूल करपलं नाही." मग त्यांना नातीचं कळलं. त्यांनी मान खाली घातली, लेकीला दवाखान्यात न्यायला गाडी दिली, हे मी लपवणार नाही. पण खोली पत्र्याचीच राहिली.

मी कुपवाडला परतून पत्रक लिहिलं. त्यात मालक होता, पत्रा होता, रूढी होती. माझी बादली नव्हती. कोणी वाचलं, कोणी नाही, काही बदललं नाही.

पाऊसकाळ सरल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा जाळ्यांपाशी दुसराच माणूस होता.

"हात भिजवून मोजायचं, त्येच व्हय? गेलं. बायकोला घिऊन गेलं, कुठं ते सांगितलं न्हाई." मग हळूच म्हणाला, "जायच्या आधी रोज सकाळी त्या रिकाम्या खोलीच्या दाराला पोतं भिजवून बांधायचं. आत कुनी न्हाई, काय न्हाई. लेक बी सासरी गेल्याली."

मी खोलीपाशी गेलो. पोतं अजून तिथंच होतं, खाऱ्या पाण्याने पांढरं पडलेलं, पापडासारखं कडक. हात लावला तर कडेचा तुकडा मोडून हातात आला.

हे वाचून हळहळू नका. माझ्याकडे हळहळ भरपूर आहे, तिने एक खोली गार झाली नाही. तुमच्या रानात, कारखान्यामागे, वीटभट्टीवर कुठेतरी पत्र्याची खोली असेल आणि तिच्यात बाळंतीण असेल. येत्या उन्हाळ्यात तिथे जा. म्हातारी हसेल, तुमी कवा बाळंत झालासा म्हणून विचारेल. तुम्ही हसून परत फिरू नका. शेगडी बाहेर काढा, समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा, पोतं भिजवून बांधा. अकरा वाजायच्या आत.